आईच्या कोपराचं माप

दि. ३ जून

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. तुझी आई ऑपरेशनसाठी तुझ्याकडे आली त्याला दोन महिने झाले. ती परतायच्या आत स्वयंपाकघर नवं करावं म्हणून जुनी फरशी उखडली, आणि घोडं तिथेच अडलंय. सुतार म्हणतो, आधी कपाटं बसवा. कपाटांखालची फरशी कोण बघणार? फरशीवाला म्हणतो, आधी फरशी, नाहीतर जमीन मागून दोन बोटं वर येईल आणि ओटा तेवढा ठेंगणा होईल. मला दोघांचंही पटतं. एकापुढे मान डोलावतो, दुसरा आला की त्याच्यापुढेही डोलावतो.

तू आईचं माप पाठव. तिला अनवाणी, भिंतीला टेकून उभी कर आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लाव. तीस वर्षं तिने उंच ओट्यापुढे खांदे उचलून भाजी चिरली आणि माझ्या लक्षातही आलं नाही. या वेळी चूक नको.

आईला जप, स्वतःलाही जप.
बाबा

दि. ११ जून

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आई दोन वेळा नीट जेवते आणि बसल्या जागेवरून माझ्या घरावर राज्य करते. माझे डबे कुठे असावेत हेही आता तीच ठरवते. टेप काही सापडत नाही. सुताराला थोडं थांबवून ठेवा. तुम्ही वेळेवर जेवता ना, असं आई विचारते.

आशीर्वाद असावा.
तुमची खारू

दि. १९ जून

चि. खारूताईस आशीर्वाद.

टेप नसेल तर सुतळी लाव आणि गाठ मारून पाकिटात घाल. सुतार थांबला नाही. त्याने अंदाजाने खालची कपाटं करून आणली. ती बाहेरच्या खोलीत उभी आहेत आणि मी त्यांत शर्ट ठेवतो. फरशीवाला म्हणतो, या महिन्यात ठरलं नाही तर तो दुसरं काम धरेल. मी हात टेकले आहेत. एवढंसं माप घ्यायला तुला इतके दिवस का लागावेत?

राग नाही, काळजी आहे.
बाबा

दि. २६ जून

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

टेप पहिल्या दिवसापासून माझ्या खणात आहे. बाबा, आई उभी राहत नाही. ऑपरेशननंतर पायांत जोर आलाच नाही, आणि आता येणार नाही असं डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितलं. तुम्हाला कळवायचं नाही, अशी आईने मला शपथ घातली होती. तुम्ही हातातलं काम टाकून बसाल, अशी तिला भीती. मी चार पत्रं लिहिली आणि फाडली.

काल तिला चाकांच्या खुर्चीत बसवून माप घेतलं. जमिनीपासून कोपरापर्यंत अठ्ठावीस इंच. ओट्याखाली कपाटं नकोत, खुर्ची आत गेली पाहिजे. म्हणून फरशी आधी, थेट भिंतीपर्यंत. दाराचा उंबरठाही काढा. बाकी कशावरच माझा इलाज चालला नाही.

मला माफ करा.
खारू

दि. ९ जुलै

चि. खारूताईस आशीर्वाद.

पत्र आल्यावर दोन दिवस मी त्या उखडलेल्या जमिनीकडे बघत बसलो. खूप रडलो, तेही तुला सांगून टाकतो. मग फरशीवाल्याला बोलावलं. काल फरशी भिंतीपर्यंत लागली, उंबरठा गेला.

सुताराने अठ्ठावीस इंच वाचून विचारलं, एवढ्या खाली वाकून तुमची पाठ धड राहील का? मी स्टूल आणलं, ओट्याच्या जागी बसलो आणि माझ्या कोपराला टेप लावायला सांगितला. तुझ्या आईपेक्षा दोन बोटं वर भरलो. स्टुलाचे पाय तेवढे कापायला दिले आहेत.

तिला घेऊन ये. चिरायचं काम माझ्याकडे.
बाबा