काट्याला टिचकी

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. हल्ली खाली वाकण्याआधी मला डॉक्टरीणबाईंची परवानगी लागते.) तुझी तब्येत ठणठणीत असेलच, तसं तूच सगळ्यांना सांगत फिरतोस, असं वहिनींनी कळवलंय. त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली म्हणून सांग. इकडे सगळे खुशाल, म्हणजे मी सोडून सगळे.

झालं असं, की मी चष्म्याचा नंबर काढायला गेले आणि रक्तदाब घेऊन घरी आले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यात दिवा मारला, ‘हं’ केलं आणि मला शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं. (डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक शिरा त्यांना आवडल्या नाहीत म्हणे. या वयात माझ्या डोळ्यांत कुणी इतकं निरखून पाहिलं, याचंच मला आधी अप्रूप.) बाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला आणि काट्याकडे बघत बसल्या. आता काटा समोर, एक हात मोकळा, आणि आपलं बालपण कुठे गेलं ते तुला ठाऊक आहे. मी काचेवर टिचकी मारली. बाई दचकल्या. “अहो, हे काय?” म्हटलं, “टिचकी मारल्याशिवाय आमच्या घरात काट्यावर विश्वास ठेवत नाहीत.”

आठवते ना रे बाबांच्या नोकरीची ती धुलाईखान्यामागची बॉयलरची खोली? ओल्या चादरींचा आणि साबणाचा वास, बॉयलरच्या पोटातली घरघर, बाबांच्या निळ्या सदऱ्याच्या दुमडलेल्या बाह्या. सुट्टीच्या सकाळी ते आपल्याला तिथे न्यायचे, कारण घरी आपण आईचं डोकं खायचो. काटा वाचायचं काम तुझं, वहीत लिहायचं माझं. (तुझे आकडे म्हणजे वहीवरून कोंबडी चालत गेल्यासारखे.) अडकलेला काटा सोडवणाऱ्या टिचकीचा मान मात्र माझा. हात पोचायचा नाही म्हणून तू मला बगलेत धरून उचलायचास आणि दर वेळी विचारायचास, “काय खातेस गं, धोंडे?” वरची झडप फुस्सकन उडाली की आपण किंचाळत अंगणात, आणि बाबा आतून हसत, “अरे, ओरडणाऱ्याला काय भ्यायचं? तो ओरडतो म्हणून आपण वाचतो!” तसं ऊबदार मला पुढे कुठेच वाटलं नाही, चांगल्या दोन रजयांतही नाही.

तर काटा म्हणाला एकशे ऐंशी. खालचा आकडा एकशे दहा. बाबांचा दुसरा नियम, दोन काटे जुळल्याशिवाय आकडा खरा नाही. म्हणून मी औषधवाल्याकडे मोजलं, मग शेजारणीच्या यंत्रावर. तिघांनी संगनमत केल्यासारखा एकच आकडा सांगितला. निमूट गोळ्या सुरू केल्या. महिन्याभरात काटा खाली आला. दाब उतरला की झडप बंद करायची, वाफ फुकट का दवडा, हे आपण बाबांकडून शिकलेलो. तशा मी गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांनी काटा पहिल्यापेक्षा वर! बाई म्हणाल्या, “तो गोळीमुळे उतरला होता हो, तुमच्या पुण्याईने नव्हे.” मी म्हटलं, “पण मला काही होतच नव्हतं! तीन जिने चढून आलेय.” त्यावर त्यांनी कानातल्या नळ्या काढून ठेवल्या. “हाच याचा खोडसाळपणा. काही होत नाही, होत नाही, आणि एक दिवस मेंदूत होतं, हृदयात होतं, नाहीतर मूत्रपिंडं जातात. माणसाला ओरडायला झडप नसते.”

मी वाद न घालता गोळ्या पुन्हा सुरू केल्या. (आमच्या ह्यांनी तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवलाय. मिठाची बरणीही तेव्हापासून त्यांच्या कपाटात कुलपाआड, आणि गोळ्या जेवणाच्या टेबलावर.)

दादा, बाबा कधीच ओरडले नाहीत. ते गेले त्या सकाळी बॉयलरचा काटा जागेवर होता, बाबा स्टुलावर होते, आणि वहीतला शेवटचा सात तिरका घसरत पानाबाहेर गेला होता. दर तासाला दाब मोजणाऱ्या त्या माणसाचा दाब कुणी एकदाही मोजला नव्हता. बावन्न वर्षांचे होते. मी या वर्षी बावन्नची झाले. तू तर त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा झालास. बघ, बापाला मागे टाकलंस.

लहानांना आशीर्वाद. वहिनींना नमस्कार.

तुझी,
धोंडी

ता. क. – तू दोनदा डॉक्टरांच्या दारातून ‘रांग फार आहे’ म्हणून परतलास, हे मला कळलंय. (रांगेत एकच म्हातारी होती आणि ती तुझ्या मागे उभी होती, असं वहिनी म्हणतात.) म्हणून पार्सलने यंत्र पाठवतेय. सकाळी पाच मिनिटं गप्प बसायचं (जमेल तसं), मग मोजायचं. असे सात दिवस. सोबत बाबांची वही आहे. त्या तिरक्या सातच्या खालच्या ओळी तेव्हापासून कोऱ्या आहेत. तिथे लिही. कोंबडी चालेल. आकडे मोठे निघाले, तर त्या म्हातारीच्या पुढे उभा राहा.

ता. ता. क. – तुला एवढं शहाणपण शिकवण्याच्या नादात माझी आजची गोळी राहिली. आत्ता घेतली. वहिनींना सांगू नकोस.

आणखी एक – या यंत्राला काटा नाही, नुसते आकडे उमटतात. टिचकी मारू नकोस, उपयोग नाही. मी मारून पाहिली. मारावीशी वाटलीच तर मला बोलाव. आता उचलावं लागणार नाही, हात पोचतो माझा.