सील केलेल्या मशीनबाबत माझी अखेरची व्यवस्था

मी, खनिज खात्यातली निरीक्षक, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाला भीक न घालता हे लिहून ठेवते. लिहीत आहेत नर्सबाई, कारण माझ्या उजव्या हाताची बोटं माझ्या धाकट्या भावाने हातोड्याने ठेचली आहेत. शब्द मात्र माझे. डॉक्टर म्हणतात, बऱ्या व्हाल. माणूस भला आहे, पण खोटं बोलताना चष्मा पुसतो.

माझ्या घरामागे सरकारी माळ आहे. खाली तांबं आहे आणि त्याच खडकात साऱ्या वस्तीचं पाणी. भावाने परवान्याबाहेर तिथे बोअर मारायला घेतलं. मी त्याच्या मशीनला तार ओवून शिशाचं सील ठोकलं. ते काढायला माझीच सही लागते, म्हणून तो माणसं घेऊन घरी आला.

"ताई, मुकाट्याने सही कर. नाहीतर हात तरी कशाला हवाय तुला?"

मी सील दाबायच्या पकडीने त्याचा कान फाडला. त्याचा मला आजही आनंद आहे. मग त्यांनी हात ठेचला आणि बरगड्या मोडेपर्यंत लाथा घातल्या. माझा मुलगा मामाच्याच मशीनवर ऑपरेटर आहे. तो तिथेच होता. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून त्याने दार आतून लावून घेतलं.

१. राहतं घर, परस आणि बँकेतली शिल्लक मुलीला. ती घर विकणार नाही. तिचंही डोकं माझ्यासारखंच फिरलेलं आहे.

२. पकड माझ्या जागी येणाऱ्या निरीक्षकाला. तिच्यावरचं रक्त धुऊ नये. कायम हाताशी ठेवावी.

३. भावाला काहीही नाही. लहानपणी त्याला कडेवर घेऊन फिरले, तेव्हाच विहिरीत टाकायला हवा होता. (नर्सबाई म्हणतात, "अहो, असं मृत्युपत्रात लिहितात का?" म्हटलं, लिहा.)

४. मुलाचा मला भयंकर संताप येतो, आणि तो जेवला असेल का, हेही सारखं मनात येतं. त्याला पैसा नाही, काम आहे. मला जाळू नये. परसात, माळाच्या कुंपणाला लागून पुरावं. खड्डा त्याने एकट्याने, कुदळीने खणावा. आमच्या खात्याच्या नियमाने प्रेत पुरलेल्या जागेपासून दोनशे मीटरच्या आत कुणालाही खोदकाम करता येत नाही, आणि भावाचं बोअर कुंपणापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे पुन्हा मशीन लावायचं, तर आधी मला उकरून काढावं लागेल. मामा ते काम माझ्या मुलालाच सांगेल. ते त्याच्याने होणार नाही, एवढा माझा त्याच्यावर अजून विश्वास आहे.

वाचून दाखवलं, ऐकलं, बरोबर आहे.

निशाणी: डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: १. वॉर्डाची नर्स (सही)
२. डॉक्टर (सही, रुग्ण पूर्ण शुद्धीवर, आवाज खणखणीत)
स्थळ: इस्पितळ, बायकांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट
दिनांक: मारहाणीनंतरचा सोमवार, दुपार