शांत डोक्याने एडिटिंग

२ मार्च
ताईला शब्द दिला. भाचीच्या लग्नात पडद्यावर भाऊजी दिसतील, हसतील, बोलतील. भाऊजींना जाऊन वर्ष झालं. भाचीच्या पहिल्या वाढदिवसाचं शूटिंग मीच केलं होतं. टेपला बुरशी लागली. आता ते फक्त माझ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, जुन्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आहे. बायको म्हणाली, दुकानात देऊ या. ज्याने आयुष्यभर लोकांची लग्नं एडिट केली, त्याने दुकानात जायचं? संकल्प: शांत डोक्याने काम. राग मी सोडलाच आहे.

४ मार्च, सकाळ
कॉम्प्युटर चालू झाला. सॉफ्टवेअर उघडतं, मिटतं. उघडतं, मिटतं. मॉनिटरला एक चापट दिली. हलकीच. काच तडकली. जुनी काच, दुसरं काय होणार! बायकोने शेजारणीला सांगितलं, फुलदाणी पडली. उगाच खोटं बोलते.

७ मार्च
सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. 'तुम्हाला परवानगी नाही' म्हणे. माझ्याच घरात मला! लाथ घातली. अंगठ्याचं हाड मोडलं. माझ्या. डॉक्टरांना सांगितलं, टेबलाचा पाय लागला. बायको भिंतीकडे बघत होती.

१० मार्च
मेहुणा आला. इन्शुरन्स विकतो, सल्ले फुकट देतो. म्हणाला, सॉफ्टवेअरच्या नादी कशाला लागता, हार्ड डिस्क काढून द्या, मूळ व्हिडिओ नुसता कॉपी होईल. इतकं सोपं असतं तर मला सुचलं नसतं? हे समजावून सांगताना त्याची कॉलर माझ्या हातात आली. त्याने ठोसा मारला, मी कीबोर्ड. त्याच्या भुवईतून रक्त, माझा ओठ फाटला. बटणं सोफ्याखाली. बायको मध्ये पडली, तिला कोपर लागलं. कोणाचं, सांगता येत नाही. माझं असण्याची शक्यता कमी.

१३ मार्च, दुपार
चाललं! भाऊजी खुर्चीत, मांडीवर भाची, तिची टोपी कानावर आलेली. कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, 'अरे, बास कर आता, हात दुखला असेल तुझा.' तोच आवाज. मी रडलो. ताईला फोन केला, झालंच समज. एक्स्पोर्टचं बटण दाबलं. भाऊजींचं तोंड अर्धं उघडं राहिलं आणि सगळं गोठलं.

१३ मार्च, संध्याकाळ
हातोडी कुठून आली, आठवत नाही. कॉम्प्युटर खोलीभर आहे. बायकोने बाथरूमची कडी लावून घेतली. मी बाहेरून म्हणालो, तुला मी काही करणार नाही. ती आतून म्हणाली, 'मला कसं कळणार?'
कधी कधी फार ताणते ती.

१५ मार्च
मेहुणा बायकोला घेऊन गेला. ठेचलेली हार्ड डिस्कही नेली. दुकानवाला म्हणाला, यातून काही निघणार नाही. ताईला फोनवर सांगितलं, मशीन जुनं होतं, आपोआप गेलं. ती म्हणाली, 'तुझी बायको इथेच बसलीय, माझ्याजवळ.' आणि म्हणाली, 'व्हिडिओ गेला तर गेला. लग्नाला तू येऊ नकोस.'

२० मार्च
आज लग्न. तब्येतीमुळे गेलो नाही, असं विचारील त्याला सांगणार आहे. सकाळपासून नवा शर्ट घालून बसलोय. सगळे तिकडेच आहेत. अजून कोणी विचारलेलं नाही.