शेषरावांच्या गेंड्याला नाही म्हणताना

सोनाळा,
मंगळवार, दुपार (लाइट गेलेली)

नागपूरनिवासी, आमच्या घरचे एकुलते एक मेहुणे प्रसेनजितराव यांना दाजींचा मानाचा जय भीम.

तुमचं पित्त कसं आहे? जागरण सोडलंत का? इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमच्या ताईंचे गुडघे दुखतात आणि त्या ते मला रोज सांगतात, म्हणजे त्याही ठीक आहेत. मी मात्र पार थकून गेलो आहे. सारिकेच्या एम.एस्सी.चं काय झालं, असं तुम्ही विचारलंत. नागपूरला प्रवेश मिळाला. पण पोरगी तिकडे येणार की नाही, हे माझ्या एका शब्दावर अडलंय आणि तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. हे नीट सांगायचं तर तुम्ही उन्हाळ्यात देऊन गेलात त्या जनावरांच्या खेळाच्या पत्त्यांपासून सुरुवात करावी लागेल. (फोनच केला असता, पण दुकानात फोन लावला की बाकड्यावर बसलेले सगळे आपापलं मत देतात.)

मी जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नाही, हे तुम्ही जाणता. मोटार रिवाइंडिंगच्या धंद्यात ते जमतही नाही. जळकी मोटार खांद्यावर घेऊन आलेल्या माणसाला नुसतं ‘उद्या या’ म्हटलं, तरी दिवसभर चोरी केल्यासारखं वाटतं. जयंतीच्या कमिटीत मी आहे, शाळेच्या समितीत आहे, आणि दोन भांडलेल्या भावांच्या मधेही मीच आहे. अशा माणसाला तुम्ही सांगितलंत, की या खेळात कंट्रोल डेक नावाचा पत्त्यांचा एक जोड असतो. समोरचा आपली जनावरं अंगावर सोडतो, आणि आपण त्याच्या प्रत्येक पानाला ‘रद्द’ म्हणत बसायचं. मैदान पुसायचं, पानं ओढायची, त्याला दमवायचं आणि शेवटी सावकाश एक अजगर काढून खेळ संपवायचा. प्रसेनजितराव, खरं सांगतो, मला इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. मी डेकमधली सगळी जनावरं काढून टाकली, फक्त अजगर ठेवला. सारिकेनं पानांवरचं इंग्रजी वाचून दाखवलं, मी रद्द करणारी पानं निवडली. पानांना खोळी म्हणून मोटारीच्या खाचांत घालतो तो इन्सुलेशन पेपर कापून चिकटवला. (पत्ते जाड झाले, पिसता येत नाहीत, पण करंट लागणार नाही.)

खेळायला समोर शेजारचे शेषराव. तुमचा दुसरा डेक त्यांनी घेतला, तो सगळा शिंगांचा आणि दातांचा. त्यांनी पहिल्याच दिवशी गेंडा काढला. मी ‘रद्द’चं पान टाकलं. शेषरावांनी ते पान उचलून अदबीनं माझ्या हातात परत दिलं. “काऊन अडवता भाऊ? येऊ द्या न त्याले. बसन बिचारा एका कोपऱ्यात.” मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, “असं नोका करू.” आपल्याकडे पाहुणा चहाला नाही म्हणतो ते काही नाही नसतं, यजमानानं आणखी दोनदा म्हणायचं आणि पाहुण्यानं तिसऱ्यांदा कप घ्यायचा. शेषरावांनी माझ्या पत्त्यालाही तोच मान दिला. तिसऱ्या आग्रहाला बाकड्यावरचे लोकही म्हणू लागले, “एवढं म्हणून राह्यले त माना न आता.” मी मानलं. गेंड्यानं मला दोन डावांत लोळवलं.

असं महिनाभर चाललं. नियमांचा कागद दाखवला, तर शेषराव म्हणाले, लिहिणाऱ्याला सोयरे नसतील. मग मी हट्टाला पेटलो आणि दिसेल त्याला रद्द म्हणू लागलो. उंदीर रद्द, डास रद्द, एक आजारी बेडूक होता तोही रद्द. गेंडा येईपर्यंत हातात एकही पान उरत नसे. शेवटी सारिका वैतागली. “बाबा, लहानसहान येऊ द्या न. थोडा मार खा. मोठं येईन तवा नाही म्हणा, अन् मंग हलू नोका.” तसं केलं. उंदरांनी चावून चावून अर्धा जीव घेतला, पण गेंड्याला मी तीनदा नाही म्हटलं आणि तिन्ही वेळा हललो नाही. अजगर निघाला. मी जिंकलो. असा ओरडलो, की तुमच्या ताईंना वाटलं शॉक बसला.

शेषराव चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले, पत्ते खाली ठेवले आणि म्हणाले, “इतकं नाही म्हटलं तुमी मले, आता एक हो त म्हणा.” मग त्यांनी सारिकेला मागणी घातली. त्यांचा भाचा रवी, बीबी गावाला असतो, दूध संघात नोकरी. पोरगा वाईट असता तर मी सुटलो असतो. पण चांगला आहे, निर्व्यसनी आहे, मोठ्यांच्या पाया पडतो. लग्न याच वर्षी हवं, शिक्षण नंतर ‘पाहता येईन’. आणि प्रसेनजितराव, माझी आई अकोल्याच्या दवाखान्यात होती तेव्हा तिच्या उशाशी मी नव्हतो, शेषराव होते. मी दुकान सोडू शकलो नाही. त्या माणसाला काय म्हणू? मी म्हटलं, “बघू.” सोनाळ्यात बघू म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळपर्यंत त्यांच्या मंडळी गोजरबाई साडीचा रंग विचारून गेल्या. सारिकेनं नागपूरचा प्रवेशाचा कागद घडी घालून पेटीत ठेवला. त्या दिवसापासून मला जेवण जात नाही.

असो. रद्द करणारी चार-पाच पानं आणखी पाठवा. तब्येतीला जपा, तेलकट खाऊ नका.

आपला थकलेला,
जानराव

ता. क. पानं नकोत. रविवारी पाहुणे येताहेत. तुम्ही या. मामाचा शब्द कुणी मोडत नाही. तुम्ही तेवढं नाही म्हणा, मी मागे उभा राहून मान हलवीन.

ता. क. २ पत्र टाकायचं राहिलं. (तीन मोटारी आल्या, तिघांनाही हो म्हटलं.) रविवार होऊन गेला. सारिकेनं साडी नेसली, पोहे दिले, उंची सांगितली, मार्क सांगितले, चालून दाखव म्हटल्यावर चाललीही. मला वाटलं, संपलं. शेषरावांनी पेढ्यांचा डबा उघडला, तेव्हा तिनं झाकण लावलं. “काका, नाही. मले शिकाले जायचं हाय.” त्यांनी आणखी दोनदा म्हटलं. ती आणखी दोनदा नाही म्हणाली आणि हलली नाही. मग शेषरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “पोरगी नाही म्हणते, भाऊ.” एवढंच जमलं. दोन-तीन दिवस ते दुकानाकडे फिरकले नाहीत. काल आले, पत्ते मांडले, गेंडा काढला. मी येऊ दिला.

ता. क. ३ तिला घ्यायला तुम्हीच या. मी पोचवायला आलो आणि वसतिगृहाच्या फाटकाशी माझ्या तोंडून ‘घरी चल’ निघालं, तर तिला बापालाही नाही म्हणावं लागेल. आणि ती म्हणेल, प्रसेनजितराव. तीनदा म्हणेल.