सात घरांच्या पेट्या आणि दुसरी खूण

१२ सप्टें., शुक्र.

काय झालं ते आधी, क्रमाने.
१. सकाळी नदीचं पाणी घाटाच्या वरच्या पायऱ्यांना लागलं. धरणातून आणखी सोडणार आहेत.
२. पालिकेची गाडी भोंगा लावून दोनदा गल्लीत आली. सखल भागातल्यांनी तयारीत राहावं.
३. माझ्या सर्व्हेच्या ऑफिसातली लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, साहेबांना विचारून घरी आणली. गल्लीचं तोंड शून्य धरलं. आमचा उंबरा ३८ सें.मी. वर. माडीची जमीन ३ मी. ४२ वर.
४. हा शेवटचा आकडा मी गल्लीत उभी राहून मोठ्याने सांगितला.
५. संध्याकाळपर्यंत आमच्या माडीवर सात घरांच्या सात पेट्या, दोन शिलाई मशीन आणि पिठाच्या गिरणीची मोटर.

गल्लीत माडी आमच्याच घराला. पेट्या सगळ्या अब्बांनीच बनवलेल्या, खाली त्यांच्या पत्र्याच्या दुकानात. त्यामुळे त्या परत आल्यासारखं त्यांना वाटलं असावं. खूश होते. प्रत्येक पेटीला हात लावून जागा दाखवत होते.

दिव्याच्या खांबावर लाल रंगाने तीन खुणा केल्या. १० सें.मी., २०, आणि ३८ म्हणजे आमचा उंबरा.

१३ सप्टें., शनि.

पिशवी तयार. पाणी २० लिटर, वेगळ्या कॅनमध्ये. फुटाणे, खजूर, गूळ, शेंगदाण्याची चटणी. अम्मीच्या बीपीच्या गोळ्या, चौदा दिवसांच्या. टॉर्च, सेल वेगळे. घराचे कागद आणि माझा डिप्लोमा दुहेरी प्लास्टिकमध्ये. ज्वारीच्या भाकरी अम्मीने तव्यावर कडक वाळवून घेतल्या.

अम्मीने मसाल्याचा डबा घातला. मी काढला. तिने परत घातला. "पूर आया तो फिक्का खाना क्या?" डबा राहिला. वजन ९०० ग्रॅम.

इम्रानभाईचा लातूरहून फोन. तिघं निघून या, भाभीने खोली रिकामी केलीय. मी हो म्हणाले. अम्मीने अब्बांकडे बघितलं. अब्बा म्हणाले, "नक्को. अमानत हय."

दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की मालकाच्या हातात परत देईपर्यंत घर सोडायचं नाही. दादांच्या, म्हणजे अब्बांच्या वडिलांच्या, वेळेपासून असंच. गल्लीला हे माहीत आहे, म्हणून तर पेट्या उंचावरच्या शाळेत नेल्या नाहीत, आमच्याकडे आणल्या. मी म्हणाले, कुलूप लावू. "लोगां ताले के भरोसे नै आए बेटा, मेरे भरोसे आए." मी म्हणाले, माझ्या आकड्यामुळे आले. "आकडा तेरा, जिम्मा मेरा."

आकडा बरोबर होता. तो गल्लीत ओरडून सांगायची गरज नव्हती.

दुपारी सुमनमावशी लेकीकडे हदगावला गेली. गिरणी तिची. जाताना मोटरीवर हात ठेवून म्हणाली, "करीमभाऊ, ही माजी दुसरी लेक हाय बरं." अब्बा हसले. मी नाही.

मोटर साधारण ५५ किलो. खोलीच्या मधोमध ठेवली होती. खाली जिथे भिंत आहे त्या बाजूला सरकवली. पेट्याही भिंतींच्या कडेने. मधे तीन माणसं बसतील एवढी जागा. झोपतील एवढी नाही.

ठरलं ते असं: दुसरी खूण बुडाली की तिघं निघायचं. म्हणजे मी ठरवलं. अब्बा "देखेंगे" म्हणाले. या शब्दाला एकक नाही.

१४ सप्टें., रवि.

स. ७.४०. मागच्या मोरीतून पाणी वर आलं. गल्ली अजून कोरडी. मी गल्ली मोजली, मोरी नाही. ती दोन पायऱ्या खाली आहे. घरातलीच, म्हणून लेव्हल तिकडे वळवलीच नाही. पुढून वाट बघत होते, मागून आलं. अम्मी: "इंजिनेर साब, तुमारी नदी न्हानी में आ गई." वाळूची पोती तोंडावर ठेवली. थोडं थांबलं, झिरपत राहिलं.

१०.००. गल्लीतली सहा घरं उंचावरच्या शाळेत गेली. अब्बा पत्रे विटांवर चढवत होते. हात नेहमीसारखे, घाई नाही.

दु. १.१५. पहिली खूण बुडाली. तेव्हा सुचलं: अमानत मालकालाच सोडवता येते. मग मालकांनाच विचारायचं. वही घेतली, सात नावं लिहिली, निघाले. पाणी घोट्याच्या वर.

शाळेत शिंदेकाका व्हरांड्यात बसले होते. सांगितलं तर उठूनच उभे राहिले. "आगं, त्या पेटीत काय हाय? जुन्या रजया अन् लग्नाचे फोटू! त्याच्यापायी बसून राहिला व्हय तो? म्हनावं, नीघ की!" काकू मागून: "फोटूत तुमी कसे दिसता ते पान्याला बी कळू द्या." व्हरांडा हसला. सही केली. बाकीच्या पाच घरांनीही केल्या. कुणी विचार करायला वेळ घेतला नाही. हे अब्बांनी बघायला हवं होतं.

सातवी सुमनमावशी. फोन बंद. अकरा वेळा लावला.

३.३५. दुसरी खूण बुडाली. वही अब्बांपुढे ठेवली. चष्मा लावून एकेक सही वाचली. "छे हुए. सातवी?" फोन बंद आहे, मी म्हणाले. "तो फिर."

सातवी सही मी करू शकले असते. आत येताना उंबऱ्यावर थांबले होते. सुमन, तीन अक्षरं, रॉकेलच्या पावतीवर पाहिलेली. पेनचं टोपण काढलं होतं. परत लावलं.

लातूरची बस सव्वापाचची. अम्मीला घेऊन मी तरी जावं, असं अब्बा म्हणाले. अम्मी तोवर माडीवर जाऊन शिंदेकाकांच्या पेटीवर बसली होती. मांडीवर मसाल्याचा डबा.

निर्णय: राहणे. कारण: एक सही कमी.

५.५०. खांबावर २७ सें.मी.
६.३०. २७.
७.००. साडेसव्वीस.

दरम्यान वर: कडक भाकरी, चटणी, कांद्यावर अम्मीचा मसाला. अब्बा टॉर्चच्या उजेडात पेट्यांचे सांधे दाखवत होते. ही शिंद्यांच्या थोरलीच्या लग्नाची, हिचा कोपरा दोनदा ठोकला. ही घाईत केली, कडी बघ कशी वाकडी. प्रत्येक पेटीबरोबर नवरी कोण, वरात कुठे गेली, कुणी रडलं. उमरीला गेलेली एक नवरी पेटीवर बसून बैलगाडीत झोपली आणि खाली पडली. अम्मी इतकी हसली की उचकी लागली. मी यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. सव्वीस वर्षं एका घरात.

मला बरं वाटत होतं. त्या वेळी बरं वाटायला नको होतं, तरी वाटलं.

१५ सप्टें., सोम.

सकाळी खांब कोरडा. गल्लीत चिखल, चार बोटं. घरात मोरी आणि मागची पडवी सोडून काही नाही. पत्रे वाचले.

१०.२० ला सु.मा.चा फोन. हदगावला दोन दिवस वीज नव्हती, चार्जिंग नव्हतं. सगळं सांगितलं. ती: "आगं येडे, मला इचारायचं असतंय व्हय? मोटर बुडाली तर दुसरी भेटंल. करीमभाऊ बुडला तर?" स्पीकरवर होतं. अब्बा पत्रा पुसत होते. "आता सांगून राहिली," म्हणाले, मराठीत, आणि हसले. सु.मा. तिकडून: "हासू नका! भाभी, तुमी तरी वढून न्यायचं त्यांना!" अम्मी: "मैं खुद पेटी पे बैठी थी, बाई."

सगळे हसले. मी हिशेब सांगितला: पाणी आणि उंबरा यांच्यात ११ सें.मी. उरले होते. आम्ही थांबलो म्हणून ते उरले नाहीत. पाणी थांबलं म्हणून उरले.

अब्बांनी पत्रा खाली ठेवला. ऐकलं.

१७ सप्टें., बुध.

दिवसभर पेट्या परत. अब्बांची रीत बघितली: कडी मालकाच्या हातात देतात, त्याची मूठ नीट बंद झाली की मगच आपला हात काढतात. सातही वेळा. शिंदेकाकांना ओशाळल्यासारखं झालं होतं, "आता ह्या पेटीला पाया पडायचं राहिलं" म्हणाले. काकूंनी खरंच हळद-कुंकू लावलं. अब्बांनी काय करावं ते न कळून पेटीवरची धूळ पुसली.

सु.मा. आली. गव्हाचं पीठ, ताजं दळलेलं. मोटर मात्र न्यायला तयार नाही. "हितंच ऱ्हाऊ द्या. आट दिसांनी परत आनायचीच हाय." तिचं चुकत नाही. धरण भरलेलं आहे, पुढच्या आठवड्यात पुन्हा जोराचा पाऊस सांगितलाय. पेट्या परत येतील. अब्बा परत हो म्हणतील. नाही म्हणावं असं मलाही वाटत नाही. ती खोली तशी भरलेली मला आवडली होती.

म्हणून आज मोरी मोजली (शून्याच्या ८ सें.मी. खाली), आणि कागद लिहिला. आठ प्रती. सात घरांना हा मजकूर:

माडी तुमचीच आहे, सामान आणा. अट एक. पाणी दुसऱ्या खुणेला लागलं की आम्ही तिघं कुलूप लावून निघू. सामान तिथेच राहील. त्याचं काही झालं तर करीमभाईंवर बोल नाही, अमानत तेवढ्यापुरती सुटली असं समजावं. मान्य असेल तर सही आत्ताच करा, पाण्यात उभं राहून नाही.

सु.मा.ने उभ्याउभ्या केली. संध्याकाळपर्यंत पाच.

आठवी प्रत अब्बांच्या ऐरणीवर ठेवली. तिच्यावर खाली वेगळं लिहिलं:

अब्बा, सातही सह्या आल्या तर दुसऱ्या खुणेला तुम्ही आमच्याबरोबर निघाल का? हो किंवा नाही, रविवार २१ ला दुपारी जोहरच्या नमाजाआधी कळवावं.
रुबीना