पप्पाच्या घोट्याचा फॉर्म

प्रिय पप्पा,

बर्गन शहरावर तीन दिवस धुकं आहे. रुग्णालयाच्या खिडकीतून समोरचा रस्तासुद्धा दिसत नाही. मला उगाच वाटत राहतं, या धुक्यापलीकडे लगेच आपलं बेट आहे, ओहोटीची ओली वाळू आहे आणि तू अनवाणी चालतो आहेस. हल्ली स्वप्नातही तेच. तुझी पावलं उमटत जातात, दोन्ही सारखी खोल, आणि मी मागून त्यांत पाय ठेवत येते.

काम ठीक चाललंय. घोट्याचा सांधा बदललेल्यांना वर्षाने फॉर्म जातो: किती दुखतं, किती चालता, समाधान आहे का. तो भरून आला की मी नोंद करते. माझ्या टेबलावर येतात त्यांत तरी आमवाताची माणसं कमी चालतात, पण जास्त खूश असतात. आपली आमवाताची रान्वेग आत्याच बघ. तुम्हा भावंडांचे घोटे एकाच आठवड्यात बदलले. परवा फोनवर म्हणाली, "अगं, टपालपेटीपर्यंत जाऊन आले, काठीशिवाय! आत एक चिटोरं नव्हतं, तरी मुका घेतला पेटीचा!" ती आजचा पाय कालच्या पायाशी ताडून बघते. तुझ्यासारखे, हाड मोडून सांधा गेलेले, तो जुना पाय आठवत बसतात, होडीतून धक्क्यावर उडी मारणारा.

तुला ऑपरेशनला मीच तयार केलं. तू म्हणालास, "खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, पोरी." मी आकडे दाखवले. ते आमवाताचे, झिजेचे, अपघाताचे, सगळे एकत्र केलेले होते. हे मी तुला सांगितलं नाही. तेव्हा ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. आता रोज वाटतं.

शाळेत जाईपर्यंत मला तूच शिकवलंस. रोज धक्क्यावरून पाण्याचं तापमान मोजून वहीत लिहायचं. एकदा मी तापाने झोपून होते, म्हणून दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचा आकडा अंदाजाने भरला. तू तो खोडलास. "रिकामी जागा खोटं बोलत नाही, टोरुन. आकडा बोलतो कधीकधी." मी रडले, तेव्हा तू वॅफल केलेस. करपलेले.

मंगळवारी तुझा फॉर्म आला. वेदना: नाही. जिना: सहज. समाधान: पूर्ण. सगळ्या खुणा एका रेषेत, पट्टी धरून मारल्यासारख्या. आणि आत्या सांगते, "तुझा बाप जिना उलटा उतरतो, शिडी असल्यासारखा! विचारलं तर म्हणतो, होडीची सवय आहे." पप्पा, फॉर्म कोण वाचणार हे तुला ठाऊक होतं. माझं मन राखायला तू जन्मात पहिल्यांदा अंदाजाने वही भरलीस. पण दुखणं लपलं, तर आतला सांधा ढिला होतोय का, हे कुणी बघणारच नाही.

म्हणून हे पत्र. तुझी नोंद मी केलेली नाही. सोबत कोरा फॉर्म आहे. पाय सांगेल तेच लिही. नाही लिहवलं तर जागा रिकामी सोड. पाकीट मी उघडणार नाही, शेजारच्या टेबलावरच्या सिगब्योर्नला सांगून ठेवलंय. रविवारच्या बोटीने मी येतेय. जिन्याखाली उभी राहीन. तू उलटाच उतर. मी हसणार नाही, आणि तूही दुखणं लपवायला हसू नकोस.

तुझीच, अजून तुझ्या पावलांत पाय ठेवणारी,
टोरुन