स्लोला बंद पडणारी गाडी

दादा,

काल तुमचा तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि आज सकाळीच डॉक्टर त्यांची ती वीस वर्षांची जुनी मोटार घेऊन साताऱ्यात तुमच्या वर्कशॉपच्या दारात हजर! म्हणाले, सांगलीला परत जायच्या आत एवढी बघून जा, स्लोला जीव धरत नाही. पाय काढला की इंजिन आचके देतं आणि बंद पडतं. दिवसभर तिच्याशी झटापट करून आत्ता हात धुतलेत. अंग मोडून आलंय, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय पाठ टेकवत नाही.

या गाडीची तशी अवस्था मीच केली, आठवतंय ना?

खंडेनवमीचा दिवस होता. पान्हे, हातोड्या पाटावर मांडलेल्या, गिऱ्हाइकांच्या गाड्यांना झेंडूच्या माळा. मी सांगलीहून आलो तर डॉक्टरांची गाडी जागेवर उभी राहून नुसती घोंघावत होती. पेट्रोल रेशनचं, आणि स्लोचा स्क्रू आवळून ही एवढी रेस! मी तुम्हाला दोनदा हाक मारली. तुम्ही पाठमोरे, वळलाच नाहीत. मला वाटलं, धाकट्याचं ऐकायचं नाही म्हणून मुद्दाम. मग मी सगळ्यांसमोर बोललो, "दादा, स्क्रू आवळून खोट झाकायची न्हाई, हे तुमीच शिकिवलं न्हवं मला?"

लोक हसले. तुम्हीही हसलात, आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिलात. "तूच बघ रं आता," एवढंच म्हणालात.

मी काय बघितलं? स्क्रू सैल केला. इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. आवाज तरी थांबला, असं म्हणून मी हात पुसले आणि सांगलीची सर्व्हिस मोटार गाठली. लढाईत पलटणीच्या वर्कशॉपमध्ये चार वर्षं काढलेला मिस्त्री ना मी! तेव्हापासून डॉक्टर बिचारे चौकात थांबले तरी ॲक्सिलेटरवरचा पाय काढत नाहीत. आणि तुम्ही त्यानंतर वर्कशॉपचं कुलूपच काढलं नाहीत. पुढं ताप आला आणि सगळंच संपलं.

आज मात्र तुमच्या रीतीनं गेलो. आधी प्लग, मग पॉइंट, मग कार्बोरेटर. स्क्रूला बोट लावलं नाही. शेवटी एका हातानं थोडी रेस धरून इंजिन जेमतेम चालू ठेवलं, दुसऱ्या हातात तेलाची कुपी घेतली आणि कार्बोरेटरची नळी इंजिनाला मिळते त्या जोडावर थेंब थेंब तेल सोडत गेलो. मागच्या कोपऱ्यावर तेल पडलं आणि आचके थांबले! तिथलं पुठ्ठ्याचं पॅकिंग फाटलेलं, आणि फटीतून हवा आत शिरत होती. तेल आत ओढलं गेल्यावर कान नेला तर बारीक सूं सूं ऐकू आली. तुम्ही ती रस्त्याच्या पलीकडून ओळखली असतीत. मग कशी सुटली तुमच्या हातून? मला रागच आला तुमचा.

वहिनी चहा घेऊन आली तेव्हा तिला तसं बोललो. ती उंबऱ्यातच बसली.

"त्यास्नी दोन वर्सं धड ऐकायला येत न्हवतं, भावजी," म्हणाली. "बहिऱ्या मिस्त्रीकडं कोण गाडी आणंल, म्हणून मला कुनाला सांगू दिलं न्हाई. मडगार्डावर हात ठेवायचे. हाताला कळंल इतकं इंजिन फिरंस्तवर स्क्रू आवळायचे."

चहा तसाच राहिला, दादा.

मला एक पोस्टकार्ड टाकायला काय झालं होतं तुम्हाला? मी आलो असतो. खरं सांगू? आलो असतो की नाही, कुणास ठाऊक. पण पाठमोऱ्या माणसाला तिसऱ्यांदा हाक मारून, जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवायला मला कुणी अडवलं नव्हतं.

पुठ्ठा जोडावर ठेवला आणि तुमच्याच हातोडीनं कडा ठोकत नवं पॅकिंग कापलं. बसवलं. मग कुठं शेवटी स्क्रू घेतला आणि हळूहळू फिरवत बरोबर जागी आणला. गाडी जागेवर उभी, संथ, एकसारखी चालू. गाडी न्यायला आलेले डॉक्टर खूश होऊन चहा सांगायला गेले.

मी एकटाच होतो. कानांत कापसाचे बोळे घट्ट कोंबले, डोळे मिटले आणि मडगार्डावर हात ठेवला. काहीच कळेना. बंद पडली असं वाटून माझा हात आपोआप स्क्रूकडे गेला, दादा. डोळे उघडले तर इंजिनापुढचा पंखा फिरत होता.

तुमचं गुपित मी कुणाला सांगणार नाही. पण येत्या खंडेनवमीला तुमची हातोडी पाटावर मधोमध मांडीन, आणि वर्कशॉपच्या त्याच अंगणात, हसलेल्या त्याच माणसांसमोर सांगेन, की खोट पॅकिंगमध्ये होती, आणि दोन्ही कान शाबूत असून मला ती त्या दिवशी ऐकू आली नाही.

तुमचा,
दत्तू